गबदूच्या पोटात

गबदू नेमका कोणता प्राणी आहे हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी नऊ वर्षं त्याच्या आत आहे. ज्याने तो कागदावर काढला त्याचं म्हणणं अस्वल. मुलं पाणघोडा म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "गादी आहे ती. पाय फुटलेली." रंग जांभळा, पोट एवढं की दारातून आडवं होऊन जावं लागतं, आणि तोंडावर कायमचं हसू शिवलेलं. आत मी रडत असले तरी बाहेर तो हसतोच.

'गबदूचा गलका' रोज सकाळी टीव्हीवर लागतो, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. सगळं गाण्यातून शिकवायचं. बुटाची नाडी कशी बांधायची, दात कसे घासायचे, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं हिसकायचं नाही. गबदू धडपडतो, चुकतो आणि मुलं त्याला सुधारतात. त्याचा आवाज माझा नाही. काचेच्या खोलीत एक काका बसतात, त्यांना आम्ही आवाजवाले म्हणतो. ते माईकमध्ये बोलतात आणि मी त्यांच्या शब्दांवर हात हलवते. म्हणजे अर्धा गबदू पंख्याखाली बसून चहा पितो आणि उरलेला अर्धा दिव्यांखाली शिजतो. मी कुठला अर्धा ते सांगायला नको.

नियम दोन. मुलांसमोर गबदूचं डोकं उतरत नाही, काहीही झालं तरी. आणि आतल्या माणसाने तोंडातून अक्षर काढायचं नाही. घरच्या मुलांनाही आत कोण आहे ते सांगायचं नाही, असं करारात स्पष्ट लिहिलंय. माझी टिल्ली साडेचार वर्षांची आहे. तिला वाटतं, तिची आई ऑफिसात फायली लावते.

आता त्या कराराचंच सांगते, कारण सगळा घोळ त्याचाच आहे. दर तीन वर्षांनी तो संपतो. पुढे नको असेल तर शेवटच्या दिवशी पाचच्या आत वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात स्वतः जाऊन पत्र द्यायचं आणि वहीत सही करायची. न दिल्यास 'संमती आहे असे समजण्यात येईल'. मागच्या दोन्ही वेळी मी घाबरून पत्र दिलं नाही आणि माझी संमती आहे असं समजण्यात आलं. या वेळी पत्र सात वेळा लिहिलं, सातव्यांदा ते दोन ओळींचं झालं, तेव्हा कुठे मला स्वतःवर विश्वास बसला.

गुडघे हे एक कारण. रोज रात्री मलम चोळल्याशिवाय पाय सरळ होत नाहीत. पण गुडघ्यांसाठी मी पत्र लिहिलं नसतं. घरी आले की मी आडवी पडते. टिल्ली ठोकळे घेऊन येते, मी म्हणते, "पाच मिनिटं गं," आणि झोपून जाते. तिचे बाबा जहाजावर कामाला, वर्षातून दोनदा येतात, त्यामुळे दुसरं कुणी नाही. एकदा जाग आली तर ही टीव्हीला गाल लावून उभी. आजीला सांगत होती, "गबदू कधीच दमत नाही. आई नेहमी दमते. मला गबदू आवडतो." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. मी माझ्याच घरात माझीच सवत होऊन बसले होते. त्या दिवशी पहिलं पत्र लिहिलं.

शेवटच्या दिवशी पत्र मी आत घालायच्या पँटच्या खिशात ठेवलं. बॅगेत ठेवलं असतं तर बॅगेतच राहिलं असतं, मी स्वतःला ओळखते. दीड वाजता जेवणाची सुट्टी, तेव्हा सूट काढायचा, दोन जिने चढायचे, सही करायची. आणि दुपारच्या चित्रीकरणाला बघायला येणाऱ्या मुलांत टिल्लीची जागा राखली होती. जाता जाता एकदा तिला गबदूला मिठी मारू द्यावी, एवढीच माझी हौस.

दीड वाजता ड्रेसवाल्या मावशींनी माझ्या मानेमागची चेन धरली, ओढली, आणि म्हणाल्या, "अगं बाई."

"काय झालं?"

"काही नाही. तू गप उभी राहा."

मावशी 'काही नाही' म्हणाल्या की काहीतरी असतंच. आतलं अस्तर चेनच्या दातात गेलं होतं. त्यांनी ओढलं, मेण लावलं, पाय भिंतीला टेकवून ओढलं. चेन एक इंचही हलली नाही. डोकंही निघेना, कारण डोक्याची कॉलर चेनखाली अडकवलेली असते. म्हणजे मी डोक्यापासून तळव्यापर्यंत बंद.

"कापा," मी म्हणाले.

तेवढ्यात दिग्दर्शक आले. "कापा? कात्री खाली ठेवा आधी. दुसरा सूट आहे का आपल्याकडे? उद्या कशात नाचणार, गोधडीत?"

"सर, मला पाचच्या आत वर जायचंय."

"साडेचारला संपवतो. शब्द देतो. मग बघू चेनचं." आणि गेले. त्यांचा शब्द मला नऊ वर्षं माहीत आहे.

मावशींनी गबदूच्या तोंडातून नळी घालून मला सरबत पाजलं. "पत्र दे माझ्याकडे, मी नेऊन देते," त्या हळूच म्हणाल्या. पत्राचं फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी म्हणाले, "स्वतः सही करायची आहे मावशी. आणि काढू कसं? हात बघा माझे." गबदूला हाताला चारच बोटं आहेत आणि ती उशीएवढी. पत्र माझ्या मांडीला चिकटलेलं मला जाणवत होतं. माझ्याच खिशात, आणि माझाच हात पोचत नव्हता. मला इतका राग आला की मी गबदूच्या पायाने खुर्चीला लाथ मारली. कापसाच्या पायाने लाथ मारण्यातही काही अर्थ नसतो.

अडीचला मुलं आली. तीस मुलं, पिवळ्या पट्टीमागे चटईवर. पट्टी ओलांडायची नाही, असं त्यांना आल्या आल्या गाण्यातूनच शिकवतात. दुसऱ्या रांगेत टिल्ली, निळ्या फ्रॉकात. मागे पालकांच्या बाकावर सासूबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. गबदूच्या तोंडातल्या जाळीतून मला समोरचं टीचभरच दिसतं, त्या टीचभरात मी तिला धरून ठेवलं. ती माझ्याकडे असं बघत होती की तसं तिने मला घरी कधी पाहिलेलं नाही.

तीनला गबदूच्या डोक्यातला छोटा पंखा बंद पडला. बॅटरी दुपारच्या सुट्टीत बदलतात. सुट्टीत डोकं निघालं नव्हतं.

अशा वेळेसाठी एक खूण आहे. आहे म्हणजे होती. आतल्या माणसाचा जीव घाबरा झाला की डोक्यावर तीन थापा मारायच्या. थाप, थाप, थाप, म्हणजे मला बाहेर काढा. दुसऱ्याच वर्षी एकदा मला गरगरलं आणि मी थापा मारल्या, तर समोरच्या सगळ्या पोरांनी आपापल्या डोक्यावर तीन थापा मारल्या आणि खिदळली. दिग्दर्शकांना ते भारी आवडलं. आठवड्याच्या आत त्यावर गाणं झालं, 'थाप थाप थाप, डोक्यावर थाप', आणि आता घराघरांत पोरं ते करतात. नवीन खूण पुढच्या बैठकीत ठरवू म्हणाले होते. त्याला सात वर्षं झाली. एवढी माणसं बैठकांना बसतात आणि एकाच्याही लक्षात राहिलं नाही की आत एक जिवंत बाई आहे.

सव्वातीनला मी थापा मारल्या. तीस मुलांनी मारल्या. टिल्लीने दोन्ही हातांनी मारल्या. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकांनी अंगठा वर केला आणि आवाजवाले काचेमागून आनंदाने ओरडले, "अरे वा! गबदूला आज नाच सुचतोय!"

काय करणार? नाचले.

चार वाजून दहा मिनिटांनी मिठीचं गाणं आलं. मुलं एकेक करून येतात, गबदूला मिठी मारतात आणि जागेवर जातात. डोळ्यांत घाम जात होता, पण मी टिल्लीची वाट बघत होते. ती आली. पट्टीपाशी थांबली, गाणी म्हणणाऱ्या ताईने हो म्हटल्यावरच पुढे आली, आणि धावत येऊन माझ्या पोटात शिरली. तिचे हात माझ्या निम्म्या पोटालाही पुरेनात. मी वाकले. ते वाकायला नको होतं. तिचं नाक गबदूच्या तोंडाच्या जाळीला लागलं आणि तिने श्वास घेतला.

घाम आणि मलम. रोज रात्री माझ्या कुशीत शिरून ती जो वास घेत झोपते, तोच.

"आई?"

माझ्या तोंडून अक्षर निघालं नाही. नऊ वर्षांची सवय. मी नुसती मान हलवली, आणि गबदूची मान हलली की ती नाही म्हटल्यासारखी हलते.

टिल्ली मागे सरकली, तिने जाळीत डोळा घालून पाहिलं, आणि मग एवढ्या मोठ्याने ओरडली की वरचे दिवेसुद्धा दचकले असतील. "आई आत आहे! माझी आई गबदूच्या पोटात आहे!"

मग पहिल्या रांगेतला एक गुटगुटीत मुलगा उठला आणि त्याने निदान केलं. "गबदूने तिच्या आईला खाल्लं."

पुढचं काय सांगू! एकाने भोकाड पसरलं, त्याचं बघून दुसरीने, आणि अर्ध्या मिनिटात सगळी पोरं आपापल्या आईकडे पळत सुटली. पिवळी पट्टी कुणाच्या लक्षात राहते? आवाजवाल्यांचं तोंडचं पाणी पळालं, पण ते सराईत. भोंग्यातून गबदू म्हणाला, "मी कुणालाही खाल्लं नाही हं! मी फक्त गाजर खातो!" त्यावर पोरं आणखी जोरात रडली. खाणारे असंच म्हणतात, हे त्यांना गोष्टींतून माहीत असतं.

टिल्ली मात्र पळाली नाही. ती मला बुक्क्या मारत होती. "सोड तिला! सोड!"

मला ताबडतोब पडद्यामागे नेलं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून फेऱ्या मारत होते. मावशी चेनशी झटत होत्या आणि स्वतःशीच शिव्या पुटपुटत होत्या. घड्याळात चार पंचवीस. मी आतून ओरडले, "कापा म्हणते ना! मला श्वास येत नाहीये!" दिग्दर्शक म्हणाले, "हळू बोला, मुलं ऐकतील." तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग पडदा बाजूला झाला आणि सासूबाई आत आल्या, टिल्लीचा हात धरून.

"इथे बाहेरच्यांना परवानगी नाही," दिग्दर्शक म्हणाले.

"मी बाहेरची नाही. जिला तुम्ही कोंडलंय तिची सासू आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "चेन अडल्याचं बाहेरपर्यंत ऐकू आलं. ही म्हणते तिला चेन उघडता येते. उघडू द्या. तुम्हा एवढ्या शहाण्यांना जमली का?"

मी खाली बसले. पाठीमागे दोन छोटे हात आले. आणि टिल्ली गायला लागली. माझंच गाणं. दोन महिन्यांपूर्वी मीच ते नाचले होते, जॅकेट घालून, सतरा वेळा.

"चेन अडली? रडू नको,
ओढाताण करू नको.
एका हाताने कापड धर,
थोडं मागे, थोडं सर,
आता हळूच, सर सर सर!"

'कापड धर'ला तिचं बोट दातांत शिरलं. मावशींचं जाडं बोट तिथे जाणंच शक्य नव्हतं. 'थोडं मागे'ला अस्तर सुटलं. 'सर सर सर'ला माझ्या पाठीवर वारा लागला. असा वारा मी जन्मात खाल्लेला नाही.

मी बाहेर आले. केस चिकटलेले, तोंड लालबुंद, कपडे पिळून घ्यावेत असे. मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल. ती माझ्याकडे बघून मग गबदूकडे बघत राहिली. तो फरशीवर पडला होता, पोकळ, मान वाकडी, तोंडावर तेच हसू.

"गबदू कुठे गेला?"

"अगं, मीच गबदू होते."

"नाही." तिचा ओठ थरथरायला लागला. "तू दमतेस. गबदू दमत नाही."

"तोही दमतो राणी. मी आत असते ना, म्हणून दिसत नाही."

"मग तू सांगायचं ना, बाहेर यायचंय म्हणून."

"सांगितलं की. डोक्यावर तीन थापा मारते ना, तेच ते. मला बाहेर काढा, असं असतं ते."

"ते तर नाचायचं असतं."

"नाचायचं नंतर झालं."

तिने त्यावर विचार केला. मग ती गबदूजवळ गेली, त्याची मान सरळ करायला लागली, ती होईना, आणि ती हुंदके देत म्हणाली, "आई, तू परत आत जा ना. तो मेल्यासारखा दिसतोय. आत जा ना."

पत्र खिशात होतं, हात मोकळे होते, घड्याळात चार पस्तीस होते, जिना उजव्या हाताला होता. दिग्दर्शक हात जोडून उभे होते. "दोन मिनिटं फक्त. मुलांना दिसू दे की तो चांगला आहे, एक शेवटचं गाणं. नाहीतर आज तीस घरांत कुणी झोपणार नाही." दिग्दर्शकांना मी झिडकारलं असतं. टिल्लीला कशी झिडकारू? जिच्यासाठी बाहेर यायचं होतं तीच आत जा म्हणत होती.

मी आत गेले. चेन टिल्लीनेच लावली, व्यवस्थित, न अडकवता. माझ्या पाठीमागे ती वर येत गेली तशी मला कळत गेलं की मी मूर्ख आहे.

दोन मिनिटांची कधी दोन मिनिटं होतात का? मुलं परत चटईवर बसवण्यात सहा मिनिटं गेली. पहिल्या वेळी एक दिवा उडाला. दुसऱ्या वेळी ताई शब्द विसरली. तिसऱ्या वेळी आवाजवाल्यांना खोकला आला. जाळीतून मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. चार पंचेचाळीस. चार अठ्ठेचाळीस. "एकदाच, शेवटचं," दिग्दर्शक म्हणाले. आणखी तीन वर्षं. टिल्ली साडेसात वर्षांची होईल. तिला गबदू नको असेल आणि माझी सवय राहिलेली नसेल. गाणं सुरू झालं, माझे पाय आपोआप नाचायला लागले, आणि मला खरोखर भीती वाटली, की आता माझ्याशिवायही हे पाय नाचतील.

चार एक्कावन्न. मी थांबले. ऐन कडव्याच्या मध्ये थांबले आणि डोक्यावर थापा मारल्या. थाप, थाप, थाप.

मुलांचे डोळे पुसून झाले होते. त्यांनी खूश होऊन थापा मारल्या. ताईने मारल्या. दिग्दर्शकांनी अंगठा वर केला. मी पुन्हा मारल्या, त्यांनी पुन्हा मारल्या.

टिल्लीचे हात डोक्यापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. तिने हात खाली घेतले. मग ती उठली, पिवळ्या पट्टीशी आली, पट्टीकडे पाहिलं, आणि ती ओलांडली.

"कट! अगं बाळा, जागेवर बस," दिग्दर्शक म्हणाले.

ती बसली नाही. ती माझ्या मागे आली आणि माझा हात खाली ओढून म्हणाली, "खाली बस आई, मला पोचत नाही." समोर परत कुणीतरी मुसमुसायला लागलं. गुटगुटीत मुलगा उभा राहिला. तेव्हा माझ्या लेकीने माझ्या पाठीमागून डोकं बाहेर काढून सगळ्यांना सांगितलं, "रडू नका. खाल्लं नाहीये त्याने. माझी आई आत कामाला आहे. आता तिची सुट्टी झाली."

मुलगा थोडा वेळ उभा राहिला. आई कामाला असते हे त्याला माहीत असावं. तो खाली बसला.

दिग्दर्शक पट्टीकडे धावले, तर मावशी कात्री हातात घेऊन त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या, नुसत्याच. पाचला सहा मिनिटं होती आणि कार्यालय दोन मजले वर होतं. मागे टिल्लीने गाणं सुरू केलं, चेन अडली, रडू नको, आणि दुसऱ्या ओळीला समोरची सगळी पोरं तिच्याबरोबर गायला लागली. नऊ वर्षांत मी त्यांना काहीतरी नीट शिकवलं होतं.